हुकमाचं पान

(दृश्य: एका जुन्या पानाच्या कडेवरून सरकणारा कॅमेरा)

सोन्याचा वर्ख. त्यावर ठोकून उठवलेली बारीक नक्षी. आणि वरच्या कडेला चक्क खिळ्याचं भोक!

मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी १४५०च्या सुमारास रंगवलेला हा टॅरोचा कॅट. पान सतरा सेंटिमीटरहून उंच, पिसायला अवघडच. आज ७४ पानं उरलीत. सैतान आणि मनोरा नाहीत. ते मुळात रंगवले होते का, यावर अभ्यासक अजून भांडतात.

आज टॅरो म्हटलं की भविष्य सांगायचे पत्ते आठवतात. पण हा कॅट भविष्यासाठी नव्हता. डावासाठी होता.

(दृश्य: पत्ते खेळणारे हात)

आपण इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांतलाच एक रंग हुकूम ठरवतो. इटलीतल्या खेळाडूंनी हुकमासाठी पाचवा रंगच काढला: पोप, सम्राट, मृत्यू, चंद्र, सूर्य. नाव 'त्रिओन्फी'. इंग्रजीतला 'ट्रम्प' त्यातूनच आला. १४४०मध्ये फ्लोरेन्सला बनवलेल्या अशा कॅटची नोंद जुस्तो जुस्ती नावाच्या नोटरीच्या रोजनिशीत सापडते.

एकूण पानं ७८. हुकमाची २१, एक वेडा, आणि पेले, नाणी, तलवारी, दांडे यांची प्रत्येकी १४. राजा, राणी, गुलाम यांच्या जोडीला घोडेस्वारही. दांड्यांची गंमत अशी, की इजिप्तच्या मामलुक पत्त्यांत त्या पोलोच्या काठ्या होत्या. युरोपला पोलो ठाऊक नव्हता, म्हणून काठीचा झाला दांडा.

मग भविष्य आलं कुठून? १७८१मध्ये पॅरिसच्या कूर द जेबेलाँ या लेखकानं लिहून टाकलं, की ही पानं म्हणजे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान. पुरावा शून्य. इजिप्तची चित्रलिपी शाँपोलियननं उलगडली ती १८२२मध्ये, पण तोवर पॅरिसमध्ये टॅरोवरून भविष्य सांगणाऱ्यांचा धंदा जोरात होता.

(दृश्य: तीन तलवारींचं पान)

आज ज्योतिषाच्या टेबलावर दिसणारी चित्रं बहुतेक १९०९च्या लंडनची. कल्पना गूढविद्येवर लिहिणाऱ्या आर्थर वेटची, हात चित्रकार पामेला कोलमन स्मिथचा. आधीच्या बहुतेक कॅटमध्ये तीन तलवारी म्हणजे नुसत्या तीन तलवारी. पामेलानं त्या एका लाल हृदयात खुपसल्या आणि मागे पाऊस पाडला. नाव मात्र कॅटला प्रकाशकाचं आणि वेटचं लागलं.

फ्रान्समध्ये आजही ७८ पानांनी डाव रंगतात. तिथे २१ नंबरचा हुकूम सगळ्यांना मारतो. वेडा कुणालाच मारत नाही. पण तो टाकला की मागितलेला रंग द्यावा लागत नाही, आणि हात दुसऱ्याचा झाला तरी वेडा बहुधा तुमच्याकडेच परत येतो.