मासे होते तिथली धूळ

(पहाट. नजर पोचेल तिथवर सपाट पांढरी जमीन.)

हे मीठ नाही. बर्फ तर नाहीच. हा एका तळ्याचा तळ आहे.

चाड देशाच्या उत्तरेला, सहाराच्या पोटात, बोडेले नावाचा हा खोलगट भाग. सहा-सात हजार वर्षांपूर्वी इथे कॅस्पियन समुद्राच्या तोडीचं पाणी होतं. त्यातलं उरलंसुरलं म्हणजे नैऋत्येचं आजचं चाड सरोवर. गंमत अशी, की ते सरोवर उंचावर आणि हा कोरडा तळ त्याच्याहून शंभरेक मीटर खाली.

(जवळून: बोटांत धरलेलं पांढरं ढेकूळ.)

हातात घेतलं तर वजनच लागत नाही. चिमटीत दाबलं की पीठ. तळ्यात डायटम नावाची एकपेशीय शैवालं होती. त्यांना काचेसारखी, सिलिकाची कवचं असतात. शैवालं मरत गेली, कवचं तळाशी बसत गेली, थरावर थर. याच गाळात माशांची हाडं आणि खवलेही सापडतात. माशांकडे परत येऊ.

(दोन डोंगररांगा, मधली मोकळी वाट.)

उत्तरेला तिबेस्ती, पूर्वेला एन्नेडी. मधल्या वाटेतून ईशान्येचा वारा घुसतो. हिवाळ्यात रात्रभर तो जमिनीच्या काहीशे मीटर वरून धावत असतो, खाली त्या मानाने सामसूम. सूर्य वर येतो, जमीन तापते, हवा घुसळली जाते आणि वारा खाली उतरतो.

(चंद्रकोरीच्या टेकड्या. माथ्यावरून उडणारा पांढरा फुफाटा. काही सेकंद फक्त वारा.)

या टेकड्या वाळूच्या वाटतात. नीट बघा, त्यात याच पांढऱ्या कपच्या आहेत. कपची कपचीवर आपटते, फुटते, तुकडा उडून तिसरीवर आदळतो. जात्याला दोन तळ्या लागतात. इथे दाणेच एकमेकांना दळतात. पीठ वर जातं आणि वाऱ्याबरोबर नैऋत्येला निघतं. वर्षातले शंभरेक दिवस हे चालतं. नकाशात या जागेला खुशाल ओसाड म्हणा.

(समुद्र. जहाजाचं जुनं रेखाचित्र.)

जानेवारी १८३२. बीगल जहाज आफ्रिकेच्या पश्चिमेला, अटलांटिकमधल्या केप व्हर्दे बेटांजवळ होतं. डोलकाठीच्या टोकाला वाऱ्याची दिशा दाखवणारं जाळीदार कापड होतं. त्यात गाळली गेलेली तपकिरी धूळ तरुण चार्ल्स डार्विनने पुडीत बांधून घेतली. पुढे बर्लिनचे शास्त्रज्ञ एहरेनबर्ग यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तेव्हा तीत सिलिकाची चिमुकली कवचं दिसली.

(उपग्रहाचं चित्र: अटलांटिकवर पसरलेला फिकट पट्टा.)

आता पुडीची गरज नाही. २००६ मध्ये अमेरिका आणि फ्रान्सने सोडलेला कॅलिप्सो उपग्रह लेझरचा झोत खाली टाकून धूळ किती उंचीवर आहे ते मोजायचा. २००७ ते २०१३ च्या नोंदींचा हिशेब असा: सहाराची धूळ आफ्रिकेचा किनारा सोडते तेव्हा वर्षाला सरासरी १८ कोटी २० लाख टन. बरीचशी वाटेत समुद्रात पडते, काही कॅरिबियनकडे वळते. ॲमेझॉनच्या खोऱ्यावर उतरते २ कोटी ७७ लाख टन.

(वरून: संपूर्ण पडदा हिरवा.)

एवढं घनदाट जंगल, पण खालची माती गरीब. पाऊस तिच्यातलं सत्त्व धुऊन नेतो. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश लिहिलेलं असतं ना, त्यातल्या स्फुरदाची म्हणजे फॉस्फरसची इथे चणचण. धुळीबरोबर वर्षाला अंदाजे २२ हजार टन स्फुरद येतं. पाऊस आणि पूर मिळून वाहून नेतात तेही साधारण तेवढंच. आणि हे स्फुरद धुळीत आलं कुठून? काही खनिजांतून, काही त्या माशांच्या हाडांतून.

आफ्रिकेतल्या वणव्यांचा धूरही स्फुरद आणतो. २०१९ च्या एका अभ्यासाने त्याचा वाटा बराच मोठा ठरवला. शिवाय धूळ दरवर्षी सारखी नसते. २००७ मध्ये ती भरपूर आली, २०११ मध्ये खूपच कमी. सहाराच्या दक्षिणेला, साहेलमध्ये पाऊस चांगला झाला की पुढच्या वर्षी धूळ घटते, असं दिसतं. तिथलं पाऊसमान बदललं, तर इकडचा हिशेबही बदलेल.

(ब्राझीलमधल्या मनौस शहरापासून दीडशे किलोमीटरवर, झाडांच्या कितीतरी वर गेलेला मनोरा.)

हा ॲट्टो मनोरा, ३२५ मीटर उंच. इथल्या हवेतली धूळ इथे मोजतात.

(ढग भरून येतात. पहिले थेंब एका रुंद पानावर. पानावरून मातकट ओघळ. इथून निवेदन नाही, पावसाचाच आवाज.)