काईट पाण्यात पडला तर? काईटसर्फिंग: पहिल्या धड्यापासून समुद्र ओलांडण्यापर्यंत

नमस्कार मंडळी!

मार्च २०१२. यान लिसेव्स्की नावाचा एक पोलिश माणूस इजिप्तमधल्या एल गूनाहून काईटबोर्डवर, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काईटच्या) ओढीने पाण्यावरून सरकणाऱ्या फळीवर उभा राहून, एकटाच निघाला. तांबडा समुद्र ओलांडून सौदी अरेबियातल्या दुबाला पोहोचायचं, अंतर साधारण २०० किलोमीटर. गडी नवखा नव्हता, आदल्याच वर्षी त्याने बाल्टिक समुद्र असाच एकट्याने पार केला होता. इथे मात्र बरंच अंतर कापल्यावर वारा पडला. वारा नाही म्हणजे काईट उडत नाही, आणि काईट उडत नाही म्हणजे भर समुद्रात तुम्ही जिथे आहात तिथेच. पुढचे जवळजवळ दोन दिवस तो पाण्यात तरंगत होता. शार्क आले, त्यांना त्याने चाकूने हुसकावलं. शेवटी सौदीच्या सीमा सुरक्षा दलाने त्याला बाहेर काढलं.

जगभर बातमी झाली ती शार्कची. मला विचाराल तर खरी बातमी वाऱ्याची होती. काईटसर्फिंगचे उंच उड्यांचे व्हिडिओ बघून खूप जण मला विचारतात, उभं राहायला किती दिवस लागतात? आज मी तुम्हाला दुसराच प्रश्न देणार आहे आणि शेवटपर्यंत तोच धरून बोलणार आहे: काईट पाण्यात पडला की तुम्ही काय करता?

मुळात हा खेळ याच प्रश्नातून उभा राहिला. फ्रान्समधल्या ब्रिटनीचे ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू हे दोघे भाऊ. १९८४ मध्ये त्यांनी हवेने फुगवायच्या काईटचं पेटंट घेतलं. काईटच्या पुढच्या कडेला जाड नळी, तिच्यात पंपाने हवा भरायची. त्यामुळे काईट पाण्यात पडला तरी बुडत नाही, आणि पाण्यातूनच परत उडवता येतो. हे जमलं नसतं तर प्रत्येक चुकीनंतर पोहत किनारा गाठावा लागला असता.

(बार हातात घेऊन)

आता हे जरा जवळून बघा. हा बार, म्हणजे काईट सांभाळायची दांडी. याला चार दोऱ्या, साधारण २० ते २४ मीटर लांबीच्या. मधल्या दोन दोऱ्या इथून खाली येऊन हार्नेसला, म्हणजे कमरेला बांधलेल्या पट्ट्याला अडकतात, म्हणजे काईटची मुख्य ओढ कमरेवर येते. बाहेरच्या दोन दोऱ्या बारच्या टोकांना, काईट वळवायला. बार अंगाकडे ओढला की काईट जास्त वारा पकडतो आणि ओढ वाढते. बार पुढे सोडला की ओढ उतरते.

हे ऐकायला सोपं आहे, पण घाबरलेलं शरीर नेमकं उलट करतं. बसला अचानक ब्रेक लागला की आपण वरची दांडी घट्ट धरतो ना, तसंच इथे नवशिक्या घाबरला की बार छातीशी ओढून धरतो. मग ओढ आणखी वाढते, माणूस आणखी घाबरतो, आणखी घट्ट धरतो. म्हणून पहिल्या दिवशी चांगला प्रशिक्षक एकच गोष्ट वीस वेळा सांगतो: घाबरलात की हात सोडा. हार्नेसला अडकवलेले आहात, काईट कुठे पळून जात नाही.

आणि हा लाल भाग दिसतोय? क्विक रिलीज. हा असा पुढे ढकलायचा. (ढकलून दाखवत) सुटला. आता काईट एकाच दोरीवर येतो, त्यातला सगळा जोर जातो आणि तो फडफडत पाण्यावर पडतो. किनाऱ्यावर उभं राहून हे डोळे मिटून करून बघा, डाव्या हाताने आणि उजव्या हाताने. नाकातोंडात पाणी जात असताना शोधत बसायला वेळ नसतो.

वाऱ्याचं गणित थोडक्यात. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि समोर एक मोठं घड्याळ आहे असं समजा. डोक्यावर १२ वाजलेत, उजवीकडे खाली ३, डावीकडे खाली ९. या कडांवर काईट हलकं ओढतो. बरोबर समोर, मध्यभागी आणला की सगळ्यात जोरात ओढतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. १२ नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर) वाऱ्यात निवांत वाटणारा काईट २४ नॉटला तुम्हाला उचलून वाळूवर आपटू शकतो. ७५ किलोच्या माणसाला १५ नॉटला साधारण १२ चौरस मीटरचा काईट पुरतो, २५ नॉटला सात-आठ चौरस मीटरचा. आकाराचा अंदाज चुकला की तिथेच निम्मा अपघात ठरलेला असतो.

वाऱ्याची दिशा तर त्याहून मोठी. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेत आपण. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येतात ते खारे, रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जातात ते मतलई. मतलई वाऱ्यात काईट उडवायचा नाही, कारण काईट पडला तर तो वारा तुम्हाला खोल समुद्राकडे नेतो. सरळ किनाऱ्यावर आदळणारा वाराही नको. किनाऱ्याला तिरका लागणारा वारा सगळ्यात बरा. गोव्यात मोरजीला उन्हाळ्याच्या तोंडावर दुपारनंतर वायव्येकडून असाच तिरका वारा येतो, म्हणून तिथे काईट दिसतात. आणि तिथे जाणार असाल तर एक विनंती. मोरजीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. कुंपण घातलेल्या जागेच्या जवळपास दोऱ्या पसरू नका, काईट उतरवू नका. जागा त्यांची आहे.

आता पाण्यात. पहिले धडे बोर्डाशिवायच होतात, आणि लोक नेमके इथेच कंटाळतात. काईट एका बाजूला खाली धरायचा, मोकळा हात पाण्यात लांब करायचा आणि अंगावरच तिरकं, वारा जिथून येतो त्या बाजूला चढत जायचं. याला बॉडी ड्रॅगिंग म्हणतात. बोर्ड पायातून सुटला की काईट तुम्हाला वाऱ्याबरोबर पुढे ओढून नेतो आणि बोर्ड मागे राहतो. त्याच्यापर्यंत परत जायचा हाच एक मार्ग: नागमोडी, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. हे येत नसताना बोर्डावर उभं राहायची घाई करणारा माणूस बोर्ड हरवतो आणि मग घाबरून भलतंच काही करतो.

उभं राहण्याचं मी फार बोलणार नाही, ते प्रशिक्षकासमोरच कळतं. काईट १२ वरून झटकन खाली आणायचा, पुढच्या ओढीबरोबर उठायचं, टाचांवर भार द्यायचा. खरी परीक्षा त्यानंतरची. जिथून निघालात तिथेच परत येता आलं पाहिजे, म्हणजे बोर्डाची कड पाण्यात रुतवून वारा येतो त्या बाजूला चढता आलं पाहिजे. हे जमेपर्यंत किनाऱ्यापासून लांब जाऊ नका.

आणि आता त्या प्रश्नाचं उत्तर. वारा गेला, काईट पडला, परत उडत नाही. क्विक रिलीज करा. जी एक दोरी उरलीय तिच्या आधाराने बारपर्यंत जा. दोऱ्या बारवर गुंडाळत काईटकडे सरका. दोरी हाताला किंवा बोटाला कधीही गुंडाळायची नाही. काईटने अचानक वारा धरला तर बोट जाऊ शकतं. काईटपर्यंत पोहोचलात की त्याची हवा काढू नका, कारण आता तोच तुमचा तराफा आहे. त्याची दोन टोकं धरून त्याला शिडासारखं उभं केलं तर मंद वारासुद्धा तुम्हाला हळूहळू सरकवतो. याला सेल्फ रेस्क्यू म्हणतात. ज्या शाळेत हे खोल पाण्यात प्रत्यक्ष करून घेत नाहीत, तिथे पैसे भरू नका. हे माझं ठाम मत आहे.

आता लांब पल्ल्याकडे. पोर्तुगालच्या फ्रान्सिस्को लुफिन्याने २०१५ मध्ये लिस्बन ते अटलांटिकमधलं मदेरा बेट हे ८७४ किलोमीटर अंतर काईटबोर्डवर कापलं, साधारण ४८ तासांत. रात्रीसकट! अंधारात काईट दिसत नाही, दोरीच्या ताणावरून तो कुठे आहे ते ओळखावं लागतं. सोबत मदतीची बोट होती. २०१३ च्या अखेरीस सहा जणांच्या एका चमूने आफ्रिकेजवळच्या कॅनरी बेटांपासून कॅरिबियनजवळच्या टर्क्स अँड कैकोस बेटांपर्यंत अटलांटिक पार केला, २७ दिवसांत, पाळीपाळीने. इथेही बोट होतीच.

पण बोट असली म्हणजे सगळं सुटलं असं समजू नका. मोकळ्या दोऱ्या बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात अडकल्या की बोटही बंद पडते. म्हणून बोट जवळ यायच्या आधी पाण्यात असतानाच दोऱ्या गुंडाळून ठेवायच्या. म्हणजे पहिल्या आठवड्यात शिकलेला सेल्फ रेस्क्यू इथे, किनारा दिसत नसताना, कामाला येतो.

लांब पल्ल्यावर शरीरही वेगळ्या पद्धतीने थकतं. लाटांचे धक्के तासन् तास गुडघ्यांवर बसतात, हार्नेसखाली खारं पाणी कातडी सोलतं, तहान लागलेली कळत नाही. हायड्रोफॉइलवर, म्हणजे खाली पाण्यात पंख असलेल्या आणि त्यामुळे पाण्यावर उचलल्या जाणाऱ्या बोर्डावर, धक्के कमी होतात आणि कमी वाऱ्यातही पुढे जाता येतं, पण वारा अगदीच पडला तर फॉइलही काही करू शकत नाही. एकट्याने निघालात तर आणखी एक अडचण: वाटेत वारा वाढला म्हणून भर समुद्रात काईट बदलता येत नाही. निघताना जो घेतलात, त्यावरच पोहोचायचं.

आपल्याकडे कुणी असा विचार करत असेल, तर सुरुवात किनाऱ्याला समांतर अंतरांपासून करा, जिथे कुठेही बाहेर पडता येईल. धनुष्कोडीसमोर श्रीलंका तीसेक किलोमीटरवर आहे हे खरं, पण मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी सीमा आहे. दोन्ही देशांच्या परवानग्यांशिवाय तो विचारही नको. परदेशी व्हिडिओत दिसणारी सॅटेलाइट उपकरणं मागवण्याआधीही थांबा. भारतात सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाही, आणि त्यापायी गोव्यात परदेशी पर्यटकांना अटक झालेली आहे.

मग किमान काय करायचं? कुठून निघणार, कुठे उतरणार, किती वाजता, हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला लिहून द्या. शिट्टी, दोरी कापायचा चाकू आणि वॉटरप्रूफ पिशवीतला फोन अंगावर ठेवा, बोटीत नाही. आणि त्या माणसाला बजावून सांगा: ठरलेल्या वेळेला मी आलो नाही तर वाट बघत बसू नकोस, तटरक्षक दलाला १५५४ वर फोन कर.