हुगळीच्या तळाखाली
(निवेदन)

[दृश्य: हावडा पूल, फेरीबोटी]

कोलकाता गाळावर वसलंय. चिकणमाती, पोयटा, बारीक वाळू, आणि सगळं पाण्यानं भिजलेलं. सह्याद्रीचा कातळ पोखरला तरी बराचसा आपला आपण तोलून राहतो. ही माती राहत नाही. तोंड उघडं पडलं की आत वाहत येते. कोकण रेल्वेला पेडण्याच्या बोगद्यात अशाच मऊ जमिनीनं वर्षानुवर्षं झुंजवलं होतं. 1984 साली सुरू झालेल्या देशातल्या पहिल्या मेट्रोसाठी कोलकात्यानं बहुतेक ठिकाणी रस्ते वरून खोदले. पण हावड्याहून येणाऱ्या नव्या मेट्रो मार्गाच्या आड हुगळी होती. नदी कशी खोदणार?

[दृश्य: फिरणारं कटरहेड]

ही 'रचना', बोगदा खोदणारं यंत्र. हिच्या जोडीची 'प्रेरणा'. 2017 च्या उन्हाळ्यात दोन्ही यंत्रं हावड्याकडून निघाली आणि नदीखालची सुमारे 520 मीटरची वाट काढून कोलकात्याच्या काठाला लागली.

यंत्राच्या तोंडाशी फिरत माती कापणारं हे चाक म्हणजे कटरहेड. त्याच्या मागे एक बंद कप्पा असतो. कापलेली माती लगेच बाहेर काढत नाहीत, त्या कप्प्यात ठासून ठेवतात. तीच समोरच्या मातीला आणि पाण्याला थोपवून धरते. दर दहा मीटर पाण्यामागे साधारण 1 बार, म्हणजे हवेच्या दाबाइतका, दाब. इथे खोली तीस मीटरच्या आसपास. म्हणजे तीनेक बार, आणि तो क्षणभरही सुटता कामा नये. दाब सगळीकडे सारखा पोचावा म्हणून मातीत फेस सोडून ती मळलेल्या कणकेसारखी करतात.

[दृश्य: स्क्रू कन्व्हेयर, ऑपरेटरचा पडदा]

आता कप्प्यातली माती बाहेर काढणारा हा स्क्रू पाहा. सगळी मेख इथे आहे. तो जोरात फिरवला तर माती भराभर निघते, कप्प्यातला दाब उतरतो आणि वरची जमीन खचते. फारच हळू फिरवला तर दाब चढतो, जमीन फुगते. मागचे जॅक यंत्राला किती रेटतायत आणि स्क्रू किती माती काढतोय, याचा मेळ ऑपरेटर सतत घालत असतो. बाहेर पडणारा मालही मोजतात. बोगद्याच्या अस्तराच्या एका रिंगमागे हिशेबापेक्षा जास्त माती आली, तर ती कुणाच्या तरी घराखालून आलेली असू शकते.

[दृश्य: सेगमेंट बसवताना]

काँक्रीटचे सेगमेंट, म्हणजे वक्र तुकडे, जोडून रिंग पुरी होते. यंत्राचं कवच रिंगपेक्षा मोठं, त्यामुळे ते पुढे सरकलं की भोवती फट उरते. त्या फटीत लगोलग ग्राउट, म्हणजे घट्ट होणारं पातळ मिश्रण, भरावं लागतं. उशीर झाला तर वरची माती ती जागा घेते.

[दृश्य: जुन्या भिंतींवरचे प्रिझम, सर्वेक्षण पथक]

वर रस्त्यावर ही माणसं भिंत किती मिलिमीटर हलली ते टिपतायत. आकडा वाढला की खाली निरोप जातो. उद्घाटनाच्या फोटोत ही मंडळी दिसत नाहीत, म्हणून इथे मुद्दाम दाखवतोय.

[दृश्य: बहूबाजार, टेकू दिलेल्या इमारती. काही क्षण निवेदन नाही]

31 ऑगस्ट 2019. याच मार्गावर बहूबाजारात 'चंडी' या यंत्राला जमिनीतला पाणीसाठा लागला. पाण्याबरोबर माती आत आली, वरची घरं पडली, शेकडो लोक बेघर झाले. 'चंडी'चा उरलेला बोगदा 'उर्वी' या दुसऱ्या यंत्रानं शियालदहकडून येऊन पुरा केला.

[दृश्य: निळ्या दिव्यांतून जाणारी गाडी]

मार्च 2024 पासून नदीखालून प्रवासी गाड्या धावतायत. शियालदह ते एस्प्लनेड हा राहिलेला तुकडा 22 ऑगस्ट 2025 रोजी जोडला गेला.