भोपळ्याचा मान

नमस्कार श्रोतेहो.

१ मे रोजी झेंडावंदन झालं की आमच्या शाळेत निकाल वाटतात. पण त्याआधी, वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर संपतो त्या दिवशी, सातवीच्या वर्गात माझा एक छोटा समारंभ असतो. इंग्रजीतल्या मातब्बर मुलांचा सत्कार. दोन बाक जोडले की व्यासपीठ तयार. हार मुलं रंगीत खडूंनी फळ्यावर काढतात. मानपत्रं मी लिहिते. वर्ग पोट धरून हसतो, आणि ज्याचा सत्कार चाललेला असतो तोही हसतो. तो हसला नाही तर मानपत्र तिथल्या तिथे रद्द, हा आमचा पक्का नियम.

यंदाचा पहिला मान होता 'मुंगूस पुरस्कार'. त्याचं असं झालं, की वर्गात अनेकवचनं चालली होती. फूट-फीट, टूथ-टीथ, गूस-गीस. एक मुलगी उभी राहिली आणि ठणकावून म्हणाली, "मंगूस, मंगीस!" वर्गात हशा. मी मात्र तिला फळ्याजवळ बोलावून शाबासकी दिली. चालता नियम हेरून तो कुणी न शिकवलेल्या शब्दाला लावणं हे पाठांतराने येत नाही, त्याला डोकं लागतं. मग तिच्याच हातात शब्दकोश दिला. मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून ती वाचत बसली आणि धावत माझ्याकडे आली. "बाई, हा तर आपलाच शब्द आहे!"

खरंच आपलाच आहे. इंग्रजांनी मुंगूस आपल्याकडे पाहिलं आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठी नावासकट उचलून नेलं. गूस म्हणजे हंसाच्या जातीचा पक्षी, त्याचं घराणं निराळं. म्हणून अनेकवचन होतं मंगूसेस. मानपत्रात मी लिहिलं, 'मुंगूस जसं सापाला भीत नाही, तशी ही कन्या व्याकरणाला भीत नाही.'

दुसरा मान 'क्नाइफ' पुरस्काराचा. स्पेलिंग पाठ करताना हा मुलगा एकही अक्षर उपाशी ठेवत नाही. क्नाइफ, वेड-नेस-डे, आणि उधारीला 'डेब्ट'. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांनी बुधवार असाच पाठ केला असेल. मी वर्गाला सांगितलं, हसा, पण हा मुलगा काही शतकांपूर्वीच्या इंग्लंडात गेला असता तर लोकांनी त्याला आपल्यातलाच मानलं असतं. तेव्हा क्नाइफमधला 'क' खरोखर उच्चारत होते. जर्मन लोक तर गुडघ्याला आजही 'क्नी' म्हणतात. कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडात छापखाना आणला. छापील अक्षरं हळूहळू एका जागी बसली, पण बोलणं पुढे बदलतच राहिलं, आणि तो 'क' कागदावर राहून गेला. डेब्टमधल्या 'बी'ची गोष्ट वेगळी आहे. फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा तो नव्हताच. मूळ लॅटिन शब्दात 'बी' आहे म्हणून विद्वानांनी तो मागाहून बसवला. हे ऐकून आमचा पठ्ठ्या इतका खूष झाला, की त्याने मानपत्रातलं प्रत्येक अक्षर उच्चारून वाचून दाखवलं.

आणखी एक मान होता 'एस'च्या राखणदाराला. 'ही गो' असं कोणी म्हणालं, की मागच्या बाकावरून 'गोज' आलंच म्हणून समजा.

आणि शेवटी भोपळा. श्रोतेहो, परीक्षेत शून्य मिळालं की आपण म्हणतो भोपळा मिळाला. जूनमधल्या श्रुतलेखनात एका मुलाला २० पैकी ० मिळाले, आणि हा शब्द त्याला वर्गात, गल्लीत, घरी सगळीकडे ऐकावा लागला. त्याची आई मला भेटली. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. तिच्या वेळी पाचवीत एबीसीडी सुरू व्हायची. "मी त्याला काय सांगणार, बाई?" म्हणताना तिचे डोळे भरले होते.

त्या मुलाने वही घातली. शाळेच्या वाटेवर दिसेल ते इंग्रजी उतरवून घ्यायचं. एसटी स्टँडवरच्या पाट्या, औषधाचं दुकान, दूध डेअरी, खताची पोती. फॉस्फेट हा शब्द त्याला पोत्यावर सापडला. पी-एच मिळून 'फ' होतो हे तिथे कळलं, आणि पुढे श्रुतलेखनात 'फोटोग्राफ' आला तेव्हा अख्ख्या वर्गात त्याचा एकट्याचा बरोबर. कसं जमलं, विचारलं तर म्हणाला, "पोत्यासारखंच आहे की, बाई." मार्चमध्ये त्याला २० पैकी १७ मिळाले.

त्याला भोपळा द्यावा का, याचा मी बरेच दिवस विचार केला. ज्या शब्दाने तो दुखावला होता तोच पुन्हा चारचौघांत काढायचा? शेवटी त्यालाच एकट्याला विचारलं. क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "खरा द्या, मोठा."

बाजारातून चांगला चार किलोंचा लाल भोपळा आणला. मानपत्रात लिहिलं, 'जूनमध्ये यास भोपळा मिळाला. हा त्यात बसला आणि स्पेलिंगांच्या रानातून, वाघ-कोल्ह्यांना चकवीत, टुणूक टुणूक मार्चात येऊन पोचला.' सगळा वर्ग बाकांवर ताल धरून "चल रे भोपळ्या" म्हणू लागला. भोपळा छातीशी धरून तो व्यासपीठावर उभा होता आणि सगळ्यांत मोठ्याने तोच म्हणत होता.

१ मे रोजी निकाल घ्यायला येताना त्याने डबा आणला. आईने त्याच भोपळ्याचे घारगे केले होते. माझ्यापुढे डबा धरून त्याने घरून घोकून आणलेलं वाक्य म्हटलं, "बाई, माय मदर मेड घारगे." आणि थांबला. "घारग्यांना इंग्रजीत काय म्हणतात?"

मुंगूसवाली पुढे आली. "घारगेच म्हणायचं. मुंगूस गेलं तसे हेही जातील." तिने फळ्यावर इंग्रजी अक्षरांत 'घारगा' लिहिलं आणि मग वळून विचारलं, "पण अनेकवचन?"

मागच्या बाकावरून राखणदार ओरडला, "एस!"