फाट्यावर एक माणूस उभा ठेवा

(गणपतीच्या मांडवात झालेलं बोलणं, थोडंसं नीट करून)

नमस्कार मंडळी. मागं उभे आहात त्यांनी पुढं या, सतरंजीवर जागा आहे, आणि बाया पण या, कारण आज जे सांगतो ते तुमच्या जास्त कामाचं आहे, निंदणाले खुरपणाले दिवसभर वावरात तुम्हीच असता.

मी 108 च्या गाडीवर डॉक्टर होतो. 2014 मधे ही सेवा आपल्या राज्यात सुरू झाली, 937 गाड्या आल्या, त्यातल्या एका गाडीवर माझी ड्युटी लागली. गाडीत ऑक्सिजन, सलाईन, मॉनिटर, सोबत पायलट, म्हणजे ड्रायव्हर, त्याला आमच्यात पायलटच म्हणतात. मला वाटायचं आपण पोचलो की माणूस वाचला. पहिल्याच पावसाळ्यात समजलं की आपण पोचतो तेव्हा बरंच काही होऊन गेलेलं असते, चांगलं किंवा वाईट, आणि ते तिथं जे कोणी हजर होते त्यांनी केलेलं असते.

ती रात्र सांगतो. फोन तेव्हा पुण्याच्या कंट्रोल रूमला लागायचा. इकडून घाबरलेला पोरगा सांगतोय, "पांदणीनं या, नाल्याच्या पल्याड, मोठ्या लिंबापाशी या जी लवकर." आता पुण्यात फोन उचलणाऱ्या मुलीला पांदण काय माहीत, आणि त्या गावाच्या नावाची आपल्या तालुक्यात दोन गावं, एक खुर्द एक बुजरूक. आम्ही खुर्दला गेलो. तिथून परत फिरलो, अंधार, चिखल, पोराचा मोबाईल बंद, फाट्यावर चिटपाखरू नाही. पोचलो तर बाजेवर एक माणूस, घोणस चावलेली, आणि मांडीला नायलॉनची दोरी इतकी करकचून बांधलेली की पाय काळानिळा. लोकांनी जीव लावूनच बांधली होती हो, कोणाची नियत वाईट नव्हती, पण घोणसाचं विष आधीच मांस कुजवते, रक्त गोठू देत नाही, त्यात दोरीनं रक्त अडलं. माणूस वाचला, पाय नाही वाचला. तो माणूस नंतर कधी भेटला की मी आधी त्याच्या डोळ्यांकडं पाहतो, खाली पहावत नाही.

म्हणून सापाचं आधी ऐका. आपल्याकडं विषारी म्हणजे मुख्य चार, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, आणि दवाखान्यातली लस या चारही विषांवर एकच चालते, त्यामुळं साप मारून, पिशवीत घालून आणत बसू नका, त्यात दुसऱ्याला चावते. ब्लेडनं कापू नका, चोखू नका, दोरी बांधू नका. आणि कोणी आधीच बांधली असेल तर रस्त्यात झटक्यानं सोडू पण नका, डॉक्टरसमोर सोडू द्या. अंगठी, जोडवी, बांगड्या आधी काढा, सूज आली की मग कापाव्या लागतात. हात किंवा पाय मोडल्यावर जसा फळीला बांधून स्थिर ठेवतो तसा ठेवा, चालवू नका. गाडीची वाट पाहण्यात वेळ जात असेल तर मोटरसायकलवर मधात बसवा, मागं एक धरणारा, आणि निघा, गाडीला रस्त्यात भेटा. मण्यारीचं तर फारच वाईट, रात्री खाली झोपलेल्याला चावते, दुखत नाही, दाताची खूण पण दिसत नाही, पहाटे पोट दुखते म्हणून माणूस उठते आणि पापण्या उघडत नाहीत. सकाळी कोणाच्या पापण्या जड झाल्या तर जागरण झालं असेल म्हणून सोडू नका.

आता दुसरी गोष्ट, ही मला फार जवळची आहे. जूनचा महिना, सरकी टोबणं चालू होतं. आभाळ आलं, पाच-सहा जणी पळसाच्या झाडाखाली गेल्या आणि वीज पडली. दोघी ओरडत होत्या, पाय भाजलेले, सगळे त्यांच्याकडं धावले, आणि एक बाई बाजूला चिखलात गप पडलेली. गप आहे म्हणजे गेली, असं सगळ्यांनी धरलं. रस्त्यानं एक दुधाचा पिकअप चालला होता, त्यातला पोरगा पोलीस भरतीची तयारी करणारा, कॉलेजच्या एनएसएस कॅम्पमधे त्याला छाती दाबायला शिकवलं होतं. गावाचा नाही, जातीचा-नात्याचा नाही, पूर्ण अनोळखी. तो वावरात उतरला तर लोक म्हणे, हात नको लावू बावा, करंट लागते. तर मंडळी हे पक्कं डोक्यात ठेवा, वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, बेधडक हात लावा. आणि विजेचं उलटं असते, ओरडणारा माणूस बहुतेक जगते, जो गप आहे त्याच्याकडं आधी जा, कारण त्याचं हृदय एका झटक्यात थांबलेलं असते आणि लगेच दाबलं तर परत चालू होऊ शकते.

त्या पोरानं तिला सपाट केली, गुडघे चिखलात रोवले, दोन्ही तळहात एकावर एक छातीच्या मधात, आणि मोठ्यानं मोजत दाबायला लागला. तीस झाले की दोन श्वास, परत तीस. थकला तर त्यानं तिच्याच जावेला बाजूला बसवून दाखवलं, असं दाबा काकू, कोपर वाकवू नका. ती बाई रडत रडत दाबत होती, तिच्या बांगड्यांचा आवाज मला गाडीतून उतरल्यावर धुऱ्यावरूनच ऐकू आला. आणि आम्ही इतक्या लवकर कसे पोचलो? फाट्यावर एक म्हातारे बाबा पावसात उभे होते, लाल दुपट्टा हलवत. पांदणीच्या तोंडाशी दुसरा पोरगा, नाल्यापाशी तिसरा. कोणालाच काही विचारावं लागलं नाही. ती बाई आज आहे, वावरात जाते.

छाती दाबणाऱ्याचं लोक नाव घेतात, घेतलंच पाहिजे, पण मी तितकंच मोठं काम त्या दुपट्टेवाल्या बाबाचं मानतो. मला पळणारी गर्दी नको, तीन-चार कामं वाटून घेणारी माणसं पाहिजेत. एक जण फोनवर, तालुका, गाव, खुर्द की बुजरूक, फाट्याचं नाव सांगणारा, आणि फोन चालू ठेवणारा. एक फाट्यावर, रात्र असेल तर टॉर्च घेऊन. एक पेशंटजवळ. बाकीच्यांनी बाजूला होऊन हवा येऊ द्या, व्हिडिओ काढू नका, तो कोणाच्या तरी घरचा माणूस आहे.

फवारणीचं बोलतो, हे आपल्या डोक्यावरचं ओझं आहे. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 च्या वर शेतकरी-मजूर गेले, शेकडो भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, पंपाचा फवारा खाली तोंडावर पडायचा. कोणाला लाळ सुटली, दरदरून घाम आला, डोळ्याची बाहुली मोहरीएवढी झाली, की आधी वावराच्या बाहेर काढा, कपडे उतरवा, लाज बाजूला ठेवा, साबणपाण्यानं अंग धुवा, तुमच्या हातात प्लास्टिकची पिशवी घाला नाहीतर तुम्हालाही लागते. मीठपाणी पाजून उलटी करवू नका. औषधाचा डबा सोबत आणा, डब्यावरचं नाव वाचलं की डॉक्टरचा अर्धा वेळ वाचते. उन्हाचं थोडक्यात, तेंदूपत्त्याच्या दिवसात माणूस बरळायला लागला तर सावली, अंगभर पाणी, दुपट्ट्यानं वारा, आणि 108. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, एका कुशीवर वळवा. फिट आली तरी तेच, कांदा-चप्पल हुंगवू नका.

लोक म्हणतात डॉक्टरसाहेब, मदत केली की पोलिसाचं लचांड मागं लागते. रस्त्यावरच्या अपघातापुरतं सांगतो, सुप्रीम कोर्टानं 2016 मधेच सांगितलं आणि 2019 च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीत 134-अ हे कलम आलं, चांगल्या मनानं मदत करणाऱ्यावर केस होत नाही, नाव-पत्ता द्यायची सक्ती पण नाही. दवाखान्यात सोडा आणि हवं तर घरी जा.

आणि आम्ही अडाणी आम्हाले काय जमते, हे तर बोलूच नका. आपल्या बाजूच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' नं 39 गावांत गावातल्याच बायांना बाळाचा श्वास, निमोनिया ओळखायला शिकवलं, घरोघरी. नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, 1999 मधे जगानं ते वाचलं. फार शाळा शिकलेल्या नव्हत्या त्या.

बरं, बोलणं पुरे. हे पोतं कुटार गच्च भरून आणलंय, हाच आपला पेशंट. मिनिटाला 100 ते 120 वेळा छाती दाबायची, दोन इंच खोल. मांडवाची लाईट इकडं वळवा. दोघं दोघं या, आधी बाया, आणि तुम्ही बाबा, तुम्ही टॉर्च घेऊन फाट्यावर जाऊन उभे राहा, किती वेळ लागते ते घड्याळ लावून पाहतो.