ज्वारी जिथून आली तो खंड

नमस्कार मंडळी. आधी एकच विचारतो, आज दुपारी कोणाकोणाकडे भाकरी होती? बरेच हात वर दिसतायत. तर ज्वारी, बाजरी आणि नाचणी या तिन्ही मूळच्या आफ्रिकेतल्या. ज्वारी सुदानच्या बाजूची, बाजरी सहाराच्या दक्षिणेकडच्या माळांवरची, म्हणजे मालीच्या भागातली, आणि नाचणी इथिओपिया-युगांडाकडच्या डोंगराळ पट्ट्यातली. चवळी तिकडचीच आणि आमटीतली चिंचसुद्धा. साधारण चार हजार वर्षांपूर्वी ही धान्यं आपल्याकडे पोचली आणि इतकी मुरली की आज भाकरीशिवाय मराठी माणूस डोळ्यासमोर येत नाही. आणि ज्या खंडाने ही धान्यं दिली त्याच्याबद्दल आपल्याला माहिती काय, तर सिंह, दुष्काळ आणि शाळेत पाठ केलेलं नाईल-सहारा-किलिमांजारो. मी नोकरीनिमित्त चार वर्षं इथिओपियात काढली, तिथल्या माणसांनी मला घरच्यासारखं सांभाळलं, त्यामुळे हे मला फार लागतं, म्हणून आज बोलायला आलोय.

पहिली गोष्ट आकाराची. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळपास सारखे दिसतात ना, तो नकाशा काढायच्या पद्धतीचा दोष आहे, ध्रुवाजवळचं सगळं त्यात फुगतं. प्रत्यक्षात आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड मावतील. क्षेत्रफळ ३ कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या नऊपट, ५४ देश, दोन हजारांच्या आसपास भाषा, एकट्या नायजेरियात पाचशेच्या वर. विषुववृत्त बरोबर मधून जातं, त्यामुळे वर मोरोक्कोत आणि खाली केपटाऊनला भूमध्य समुद्रासारखी हवा, मधे काँगोचं घनदाट जंगल, आणि दोन्हीकडे गवताळ माळ नि वाळवंट. आता एवढ्या सगळ्याला ‘तिकडे आफ्रिकेत असं असतं’ म्हणून एका वाक्यात कसं गुंडाळणार?

सहाराचंच बघा. अल्जीरियात तासिली म्हणून खडकाळ पठार आहे, आज तिथे दूरदूर पाणी नाही, पण तिथल्या खडकांवर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी जिराफ, पाणघोडे आणि गाईंचे कळप रंगवून ठेवलेत. कारण तेव्हा सहारा हिरवा होता, तळी होती, गुराखी होते. पाच-सहा हजार वर्षांपूर्वी पाऊस खाली सरकला आणि वाळू राहिली. त्या वाळूच्या दक्षिण काठाला साहेल म्हणतात, म्हणजे हिंदी गाण्यांतला ‘साहिल’, किनारा. वाळवंटाला समुद्र मानायचं आणि उंटांचे तांडे जिथे येऊन टेकतात तो किनारा! उत्तरेकडून मिठाच्या लाद्या यायच्या, दक्षिणेकडून सोनं यायचं आणि मधे मालीतल्या टिंबक्टूसारखी गावं त्यावर मोठी झाली. मालीचा राजा मन्सा मुसा १३२४ मधे हजला निघाला तेव्हा वाटेत कैरोत त्याने इतकं सोनं वाटलं की तिथला सोन्याचा भाव पडला. पण मला सोन्यापेक्षा टिंबक्टूची पुस्तकं जास्त मोठी वाटतात. खगोल, वैद्यक, कायदा, हिशोब, सगळ्यावरची हस्तलिखितं तिथल्या घराण्यांनी पिढ्यानपिढ्या जपली, आणि २०१२ मधे गाव दहशतवाद्यांच्या ताब्यात गेल्यावर लोकांनी ती पत्र्याच्या ट्रंकांमधे भरून, रात्री-अपरात्री, गाड्यांतून नि होड्यांतून गुपचूप राजधानी बामाकोला हलवली. साधी माणसं हो ती, जीव धोक्यात घालून पोथ्या वाचवणारी. आफ्रिकेला लिखित इतिहास नाही असं कोणी म्हणालं की मला त्या ट्रंका आठवतात.

पूर्वेकडे आलं की जमीनच फाटलेली दिसते. तांबड्या समुद्रापासून मोझांबिकपर्यंत ही खचदरी पसरलीय, खंडाचा पूर्वेकडचा तुकडा हळूहळू वेगळा होतोय. याच दरीत टांगानिका सरोवर, जवळपास दीड किलोमीटर खोल. आणि याच पट्ट्यात, इथिओपियातल्या हदार इथे १९७४ मधे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या एका मानवसदृश मादीचा सांगाडा सापडला. जग तिला ल्युसी म्हणतं, पण तिथल्या अम्हारिक भाषेत तिचं नाव दिंकिनेश, ‘तू अद्भुत आहेस’. आपल्या सगळ्यांचे पूर्वज इथलेच, त्यामुळे आफ्रिकेला परकं म्हणणं तसं कोणालाच शक्य नाही.

आता वाऱ्याबद्दल. जूनमधे आपल्याकडे येणारा मान्सून आफ्रिकेला वळसा घालून येतो. दक्षिण गोलार्धातून निघालेला वारा पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांना अडतो, विषुववृत्त ओलांडतो, सोमालियाच्या किनाऱ्यावरून उजवीकडे वळतो आणि अरबी समुद्रावरून वाफ घेत कोकणात येऊन कोसळतो. आणि थंडीत दिशा उलटते. याच वाऱ्यांच्या भरवशावर हजारेक वर्षांहून जास्त काळ गलबतं ये-जा करत होती, आपल्याकडून कापड आणि मणी, तिकडून हस्तिदंत आणि सोनं. किल्वा, मोंबासा, झांझिबार ही बंदरं त्यातूनच उभी राहिली, पोवळ्याच्या दगडाची घरं, कोरीव लाकडी दरवाजे. तिथली भाषा स्वाहिली, हे नावसुद्धा त्याच ‘साहिल’वरून, किनाऱ्यावरची भाषा. व्याकरण तिकडच्याच बांटू भाषांचं आणि शब्द कुठून कुठून आलेले. नैरोबीत पहिल्यांदा बाजारात फिरलो तेव्हा दुकानाला दुका, गाडीला गारी, पैशाला पेसा, रंगाला रांगी, हिशोबाला हेसाबू आणि कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला चक्क कचुंबारी! पुढे २००७ मधे केनियात साध्या बटनाच्या मोबाईलवरून पैसे पाठवायची सोय निघाली, तिचं नाव एम-पेसा, आणि आपलं यूपीआय आलं २०१६ मधे. म्हणजे कोण कोणाच्या पुढे, हे जरा तपासून बोलायला हवं.

बांधकामाचं सांगतो. इथिओपियात लालिबेला गावात अकरा चर्च आहेत आणि ती बांधलेली नाहीत, अखंड खडकातून वरून खाली कोरत नेलीत, आपल्या वेरूळच्या कैलासासारखी. सेंट जॉर्जचं चर्च वरून बघितलं तर जमिनीत खोदलेला एक प्रचंड क्रॉस दिसतो. मी पहाटे गेलो होतो, पांढऱ्या शाली घेतलेली माणसं अनवाणी त्या खोल चरातून आत जात होती, आठशे वर्षांपूर्वीचं देऊळ आणि अजून रोजची पूजा चालू! तिकडे दक्षिणेत ग्रेट झिंबाब्वेच्या भिंती अकरा मीटरपर्यंत उंच, चुना नाही, गारा नाही, नुसता दगडावर दगड. ते बघून युरोपियन लोक कित्येक वर्षं म्हणत राहिले की हे आफ्रिकी माणसांचं काम असूच शकत नाही. राग येतो हे वाचताना.

आणि मग ती काळी पानं. अटलांटिकपलीकडे सव्वा कोटीच्या आसपास माणसं गुलाम म्हणून जहाजात कोंबली, त्यातली अठरा लाख वाटेतच मेली. पुढे १८८४-८५ मधे बर्लिनमधे युरोपातले देश टेबलाभोवती बसले आणि आफ्रिका वाटून घ्यायचे नियम ठरवले, आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी तिथे नव्हता. त्यानंतर ज्या रेघा पडल्या त्यामुळे मसाई लोक अर्धे केनियात अर्धे टांझानियात, सोमाली चार देशांत. काँगो तर बेल्जियमच्या राजाची खाजगी मालमत्ता झाला, स्वतःच्या देशाच्या सत्तरपटीहून मोठा मुलूख, आणि रबराचा कोटा भरला नाही म्हणून माणसांचे हात तोडले गेले. आजच्या तिथल्या भांडणांबद्दल बोलताना हे आधी सांगायला पाहिजे, नाहीतर ते अर्धं सांगणं होतं. मात्र १८९६ मधे अडवा गावाजवळच्या लढाईत इथिओपियाने इटलीच्या फौजेला सपाटून हरवलं, त्याचा अभिमान तिथे आजही लहान पोरांच्या तोंडी ऐकू येतो. १९६० या एका वर्षात सतरा देश स्वतंत्र झाले. आज खंडाची लोकसंख्या दीडशे कोटींच्या घरात आणि निम्मी माणसं विशीच्या आतली.

माझ्या घरमालकीणबाई, त्यांना मी एमामा म्हणायचो, दर रविवारी बुन्नासाठी बोलवायच्या. बुन्ना म्हणजे कॉफी, आणि कॉफी मूळची तिथलीच. जमिनीवर हिरवं गवत पसरायचं, निखाऱ्यावर हिरव्या बिया भाजायच्या, तो धूर प्रत्येकाच्या नाकापाशी फिरवायचा, मग कुटून मातीच्या सुरईत उकळायची. एक कप पिऊन उठायचं नाही, तीन वेळा घ्यायची, तिसरा कप बरका, म्हणजे आपली बरकत. जेवताना इंजेराचा, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या पोळीचा, घास करून त्या स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात भरवायच्या, त्याला गुर्शा म्हणतात. घरापासून इतक्या लांब कोणी असा घास भरवला की डोळ्यात पाणी येतंच हो.

शेवटच्या वर्षी इथिओपियाच्या पूर्वेकडच्या हरारला गेलो. मलिक अंबर त्याच बाजूचा असं मानतात, लहानपणी विकला गेला, बाजार बदलत बदलत दख्खनेत आला, निजामशाहीचा वजीर झाला, खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली, तिथे पाण्याची नहर आणली, आणि १६२४ मधे भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या फौजेत लढले. हरारच्या बाहेर उतारावर शेतं होती, दगडी बांध, आणि त्यावर कणसं झुकलेली ज्वारी. मी काढलेल्या फोटोकडे बघून शेतकरी हसला, म्हणाला ‘माशिला’, म्हणजे ज्वारी, एक कोवळं कणीस मोडलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारून तूस उडवलं आणि हिरवे दाणे माझ्यापुढे धरले. अगदी आपला हुरडा. तेव्हा मनात आलं, सगळं मागे सुटलेला तो पोरगा अहमदनगरच्या मुलखात पहिल्यांदा पोचला असेल, भाषा परकी, माणसं परकी, तेव्हा रस्त्याच्या कडेला हीच ज्वारी उभी असेल, आणि ती त्याने लगेच ओळखली असेल.