लॅरी याउंट : एकही चेंडू न टाकलेला पिचर

श्रोतेहो, मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, एखाद-दुसरा सामना खेळून कायमचे परतलेले खेळाडू बेसबॉलच्या इतिहासात पुष्कळ सापडतात. आज ज्याच्याविषयी बोलायचे आहे, त्या लॅरी याउंटची गोष्ट मात्र त्यांच्यातही वेगळी काढावी लागते. अधिकृत नोंदीप्रमाणे तो पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा खेळाडू, म्हणून एक सामना खेळला आणि त्या सामन्यात त्याने एकाही फलंदाजाला एकही चेंडू टाकला नाही. संपूर्ण कारकीर्द एवढीच असलेला दुसरा पिचर मेजर लीगच्या दप्तरात नाही.

तारीख होती 15 सप्टेंबर 1971. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज आणि अटलांटा ब्रेव्ह्ज यांचा सामना ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम या छप्पर असलेल्या मैदानावर चालू होता. नवव्या, म्हणजे सामान्यतः शेवटच्या, इनिंगच्या (डावाच्या) सुरुवातीला याउंटला बोलावणे आले. तो 21 वर्षांचा होता. त्याचा जन्म ह्यूस्टनचाच आणि 1968 साली त्याची निवडही याच संघाने केली होती. रिलीफ पिचरचे काम आधीच्या पिचरची जागा घेऊन सामना पुढे नेण्याचे असते, त्यामुळे त्याची तयारी बुलपेनमध्ये, म्हणजे मैदानाच्या कडेला सरावासाठी राखलेल्या जागेत होते. आदल्या आठवड्यात लष्करी सेवेवर हजर राहावे लागल्यामुळे याउंटला पुरेसा सराव मिळाला नव्हता, आणि बुलपेनमध्ये हात मोकळा करतानाच त्याचे कोपर दुखू लागले. माउंडवर, म्हणजे पिचर जेथून चेंडू टाकतो त्या उंचवट्यावर, पोहोचल्यावर, सामन्याच्या उत्साहात, ही दुखरी नस आपोआप विसरली जाईल, असा त्याचा अंदाज असावा. त्या वयात आणि तशा क्षणी तो अंदाज कोणीही केला असता.

येथे नियम पाहणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. नवा पिचर माउंडवर आला, की त्याला सरावाचे काही चेंडू टाकण्याची मुभा असते; त्या काळी ही मर्यादा आठ चेंडूंची होती. हे चेंडू टाकले जात असताना फलंदाज बाजूलाच थांबलेला असतो. मात्र बदलीची घोषणा झाली, की तो पिचर त्या सामन्यात उतरला असे धरले जाते, आणि त्याने समोरच्या निदान एका फलंदाजाचा निकाल लावलाच पाहिजे, असे तेव्हाचे बंधन होते. (2020 पासून मेजर लीगने ही अट तीन फलंदाजांपर्यंत वाढवली आहे.) या बंधनातून सुटका एकच : पिचर जखमी किंवा आजारी झाल्यामुळे टाकू शकत नाही, अशी अंपायरची खात्री पटली पाहिजे.

याउंटने सरावाचे काही चेंडू टाकले आणि कोपराची वेदना कमी होण्याऐवजी वाढली. त्याने माघार घेतली. त्याच्या जागी जिम रे आला आणि ब्रेव्ह्जच्या फलंदाजांना त्याने तोंड दिले. घोषणा होऊन गेलेली असल्याने याउंटच्या नावापुढे एक सामना जमा झाला.

क्रिकेट पाहणाऱ्यांना यात काही विपरीत वाटायला नको. नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला उभा असलेला फलंदाज एकही चेंडू न खेळता धावबाद झाला, तरी त्याचा डाव मोजला जातोच. पिचरच्या बाबतीत मात्र हिशेबाची पंचाईत होते. पिचरची योग्यता सांगणारा ई.आर.ए. हा आकडा त्याच्या खाती पडलेल्या धावांना नवाने गुणून, टाकलेल्या इनिंगच्या संख्येने भागून काढतात. टाकलेल्या इनिंग बाद केलेल्या गड्यांवरून मोजतात, त्यामुळे एकही गडी बाद न करता धावा देऊन बसलेल्या काही अभाग्यांचा ई.आर.ए. अनंत निघतो. याउंटच्या खाती धावाही शून्य आणि इनिंगही शून्य. त्यामुळे त्याच्यासमोरचा हा रकाना रिकामा ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

अशी नोंद काढूनच टाकावी, असे कोणाला वाटू शकेल. मला ते पटत नाही. बेसबॉलमध्ये बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा उतरू शकत नाही. म्हणजे याउंटला माउंडवर पाठवून संघाने आपला एक पिचर खर्ची घातला होता. हा खर्च खरा होता, आणि हिशेबाच्या वहीत खर्च लिहिलाच पाहिजे.

याउंटची दुखापत कारकीर्द संपवणारी मुळीच नव्हती, ही बाब मला त्या नोंदीपेक्षाही महत्त्वाची वाटते. हात जपावा, संधी पुन्हा येईलच, हा त्याचा विचार पूर्णपणे शहाणपणाचा होता. आजचा कोणताही प्रशिक्षक त्याला हेच सांगेल. परंतु पुढच्या हंगामात मुख्य संघात त्याची वर्णी लागली नाही. तो मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या स्तरावरील स्पर्धांत, परतला, आणि तेथे त्याचा चेंडूवरचा ताबाच सुटत गेला. कोपर बरे झाले, पण हवा तेथे चेंडू टाकण्याची हातोटी परत आली नाही, आणि पिचरच्या बाबतीत असे का होते, याचे नेमके उत्तर आजही देता येत नाही.

1974 च्या मार्चमध्ये अ‍ॅस्ट्रोजने त्याला मिलवॉकी ब्रूअर्सकडे पाठवले. त्याच वसंतात त्याचा धाकटा भाऊ रॉबिन अवघ्या 18 व्या वर्षी ब्रूअर्सचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) म्हणून मेजर लीगमध्ये उतरला. रॉबिन 1993 पर्यंत त्याच संघाकडून 2,856 सामने खेळला, 3,142 हिट्स (चेंडू टोलवून बेसवर सुखरूप पोहोचणे) त्याने मिळवले आणि 1999 मध्ये कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधील थोर खेळाडूंच्या सन्मानदालनात, त्याची निवड झाली. लॅरीला मात्र ब्रूअर्सच्या मुख्य संघात जागा मिळाली नाही. खेळ सोडल्यावर तो अ‍ॅरिझोनात जमीनजुमल्याच्या व्यवसायात उतरला, तेथे त्याने चांगला जम बसवला, आणि भावाच्या कारकिर्दीत त्याचा एजंट म्हणून करारमदारांच्या वाटाघाटीही त्यानेच सांभाळल्या.